तारीख नसलेला ठोकळा

भिंगारदिवे सरांवर माझा राग आहे. ते गेले त्याला आता दीड वर्ष होत आलं, तरी तो उतरलेला नाही. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरतो. खर्ड्याहून नगरला आलो तेव्हा मिक्सरमध्ये खडीची घमेली ओतायचं काम करत होतो, आणि आज जामखेड रोडला माझं पेव्हिंग ब्लॉकचं यार्ड आहे, ते काही गोड बोलून झालेलं नाही. या मधल्या वर्षांत मी प्रत्येक गोष्टीचा भाव केला. खडीचा केला, वाळूचा केला, मुलीच्या लग्नात मांडववाल्याचा केला, बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांचासुद्धा केला. समोरचा माणूस कुठं वाकतो हे मला त्याच्या खुर्चीत बसण्यावरून कळतं. भिंगारदिवे सर खुर्चीत बसायचे नाहीत. त्यांना खुर्चीच नव्हती, लाकडी स्टूल होतं.

नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते काँक्रीटच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्यांना ‘सर’ म्हणायचे ते विद्यार्थी आणि माझ्यासारखे बाहेरून येणारे. प्राध्यापक मंडळी नुसतं ‘भिंगारदिवे’ म्हणायची, आणि तेही दारातूनच, आत न येता. आत धूळ असायची.

उंच, वाळका माणूस. मान पुढं काढून चालायचे. चष्म्याच्या काड्यांना मागून काळा दोरा बांधलेला. शर्ट कुठलाही असो, त्याच्या खिशाच्या तळाला लाल डाग असायचा, कारण खिशात कायम लाल तेलखडू. काँक्रीटचा ठोकळा ओतला की दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून त्याच्यावर तारीख घालायची असते, त्यासाठी तो खडू. पण सर ठोकळ्यांवर थांबायचे नाहीत. डब्याच्या झाकणाखाली तारीख, स्कूटरच्या बॅटरीवर तारीख, पाण्याच्या माठावर तारीख. त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीवर मी स्वतः वाचलीय. त्यांच्या मंडळी, म्हणजे वहिनी, मला एकदा म्हणाल्या, “माझ्या पाठीवर तेवढी लिहायची राहिलीय.”

पहिली भेट झाली ती भांडणातूनच. एका ग्रामपंचायतीच्या कामाचे माझे ब्लॉक तपासायला दिले होते. या धंद्यात रीत अशी, की ओतलेला माल अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग मशीनखाली घालून फोडायचा. फुटताना काट्यावर जो आकडा दिसतो ती त्याची ताकद. सगळी टेंडरं या अठ्ठावीस दिवसांवर चालतात. मला तीसचा आकडा हवा होता. आला सव्वीस.

मी म्हणालो, “सर, तीस लिहा.”

“सव्वीस आलाय.”

“बरं, अठ्ठावीस लिहा. तुमचं बी राहू द्या, माझं बी राहू द्या.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मशीनच्या काट्याकडं बोट केलं. “ह्याच्याशी बोला. हा अठ्ठावीसला तयार झाला, तर माझी काही हरकत नाही.”

मी तोंडाला येईल ते बोललो. असल्या पगारावर एवढा माज बरा नाही, असंही बोललो. ते ऐकून घेत होते, आणि ऐकता ऐकता त्यांनी माझा फुटलेला ब्लॉक उचलला, दाराशी उजेडात नेला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, “तुमची कच, हा खडीचा चुरा, धुतलेली नाही. माती हाय हिच्यात. पुढच्या वेळी धुऊन घ्या, तीस येईल.”

मी कच धुऊन घेतली. तेहतीस आला. मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी पेढ्याच्या पुड्यावर तारीख घातली आणि दोन दिवसांनी सगळ्यांना वाटले.

मग ते माझ्या यार्डात यायला लागले. रविवारी सकाळी भिंगारहून स्कूटरवर यायचे आणि ब्लॉकच्या थप्प्यांमधून फिरायचे. मधलं बोट वाकवून ब्लॉकवर टकटक करायचे आणि कान लावायचे, जसं आपण कलिंगड घेताना करतो. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, “वय किती?”

“एक्केचाळीस,” मी म्हणालो.

“तुमचं नाही हो. ब्लॉकचं.”

माझी माणसं हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून यार्डात त्यांचं नाव ‘वय किती सर’ पडलं. त्यांना ते ठाऊक होतं. रागावले नाहीत. म्हणाले, “काँक्रीटला वय विचारायचं असतं, खर्डेकर. भाव सगळेच विचारतात.” मला ते कायम खर्डेकर म्हणायचे. माझं आडनाव ते नाही. एकदोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

आता राखेची गोष्ट. सरांचा जन्म नेवाशाच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या वसाहतीत झालेला. वडील बॉयलरवर. उसाचा रस काढला की जे चिपाड उरतं ते बॉयलरमध्ये जाळतात, आणि त्याची राख डोंगरासारखी बाहेर पडते. गळीत सुरू झालं की सगळ्या वसाहतीवर काजळी पडायची. वाळत घातलेले कपडे काळे, पाण्याच्या हंड्यावर काळी साय. सर सांगायचे, की त्यांच्या वडिलांनी खोलीमागं मोरीची भिंत बांधली तेव्हा सिमेंट घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी कारखान्यातला सांडलेला चुना आणला आणि त्यात ही राख कालवली. लोक हसले. पुढं वसाहत पाडायला जेसीबी आला तेव्हा सगळ्या खोल्या तासाभरात आडव्या झाल्या, आणि त्या मोरीच्या भिंतीपाशी मशीन घुरघुरत उभं राहिलं. सर तेव्हा तिथं होते. ती भिंत पडताना त्यांना वाईट वाटलं नाही, आनंद झाला, असं ते म्हणायचे. त्यांच्या डोक्यात जे बसलं ते तिथून.

सिमेंट करायला डोंगर फोडतात, भट्टीत जाळतात, आणि पोत्यामागं जवळजवळ पोतंभर धूर वर सोडतात, हे त्यांनी मला पन्नास वेळा सांगितलं असेल. “आणि इकडं ही राख फुकट पडलीय. तिलाबी एकदा जाळून झालंय. ती सिमेंटाचंच काम करते, फक्त सावकाश करते.” शंभर भाग सिमेंटातले वीस भाग काढायचे आणि त्या जागी राख घालायची, हा त्यांचा हिशेब. पण राख साधी चालायची नाही. न जळालेले काळे कण काढायचे, बारीक दळायची आणि वस्त्रगाळ करायची. वस्त्रगाळ म्हणजे खरंच कापडातून गाळायची. वहिनींच्या सुती साड्या त्यात गेल्या. “लग्नातली तेवढी राहिलीय,” वहिनी म्हणायच्या, “आणि घरात उठसूट राख राख म्हणू नका, अभद्र वाटतं.” म्हणून घरात सर तिला ‘पावडर’ म्हणायचे.

प्रयोगशाळेतली दळायची चक्की बंद पडलेली होती. दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं कॉलेजातल्या त्यांच्या खात्याच्या साहेबांच्या टेबलावर. मग सरांनी काय करावं? भिंगारच्या बाजारात मसाला कांडायचं मशीन आहे, तिथं एक पिशवी राख नेली आणि मालक जेवायला गेला असताना कामावरच्या बाईला “आयुर्वेदिक आहे” सांगून दळून घेतली. त्याच्यानंतर चार घरांचं काळं तिखट तिथं कांडलं. तिसऱ्या दिवशी त्या चार घरच्या बाया डबे घेऊन कांडपवाल्याच्या दारात. तो सरांच्या दारात. गल्ली गोळा झाली. एक म्हातारी ओरडत होती, “दात करकरत्यात माझे! होते ते चार बी गेले!” सरांनी त्या चारही घरांना नवं तिखट करून दिलं आणि कांडपवाल्याचं मशीन एक अख्खा दिवस स्वतः बसून साफ केलं. मला सांगताना मात्र त्यांचा चेहरा उजळला होता. “पण खर्डेकर, काय बारीक निघाली होती! मैदा!”

मी या राखेत का पडलो? खोटं बोलत नाही, राख फुकट मिळत होती म्हणून. सिमेंट माझं रक्त प्यायचं. पण पुढं पुढं नुसतं तेवढंच राहिलं नाही. मी दहावी नापास माणूस. माझ्या यार्डातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कुणी मला कागदावर चित्र काढून समजावतंय, की चुना आणि राख पाण्यात एकमेकांना कसे धरतात, आणि मला ते समजतंय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

अडचण एकच होती, आणि ती शेवटपर्यंत एकच राहिली. राखेचा माल उशिरा पिकतो. अठ्ठावीस दिवसांना तो साध्या मालाच्या मागं असतो. नव्वद दिवसांना बरोबरीला येतो, कधी पुढं जातो. पण टेंडरात नव्वद दिवस कुठंच लिहिलेले नसतात.

“सर, नव्वदचे साठ करा,” मी म्हणायचो.

“मी कोण करणारा?”

“बरं, पंचाहत्तर.”

“खर्डेकर, बाईचे नऊ महिने असतात. भाव केला तर सातव्यात होतं, पण मग काचेच्या पेटीत ठेवावं लागतं.”

त्यांच्या खात्याच्या साहेबांनी सरांच्या दोन वर्षांच्या चाचण्यांवर एक निबंध छापून आणला होता. मी तो मागून घेतला. वर साहेबांचं नाव, त्याखाली आणखी दोघांची. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार’. मी भडकलो, साहेबांच्या केबिनकडं निघालोच होतो. सरांनी माझा दंड धरला. “आकडे बरोबर छापलेत,” ते म्हणाले. “तपासले मी.” एवढंच. त्या माणसाला कशाचा राग येतो हे शोधायला मला पुढं वर्ष लागलं.

बांधकाम खात्यात एक तरुण अभियंता आला होता. त्याला मी गाठला. किती चकरा मारल्या ते सांगत नाही, पण शेवटी तो सरांच्या स्टुलाशेजारी उभं राहून सगळं ऐकून गेला. म्हणाला, “नेवाशाकडं एका शाळेचं पटांगण फरशीचं करायचंय. मी हे ब्लॉक प्रयोग म्हणून घालतो. पण अठ्ठावीस दिवसांचा निकाल निदान जवळपास आला पाहिजे. नव्वद दिवस माझ्या कुठल्याच कागदात बसत नाहीत.”

सर त्या दिवशी माझ्याबरोबर जिलबी खायला आले. एरवी कधी यायचे नाहीत. त्यांना निवृत्तीला दहा महिने राहिले होते. प्रयोगशाळेच्या बाहेर, खऱ्या पायांखाली, त्यांची राख पहिल्यांदा जाणार होती. म्हणाले, “नेवाशालाच. माझ्या काजळीच्या गावाला. पोरं खेळतील त्याच्यावर.” आणि जिलबीच्या कागदावर बोटानं तारीख काढली. खडू खिशात असून.

माल माझ्या यार्डात ओतायचा होता. सरांनी मिक्सरला किती घमेली राख, किती सिमेंट, ते भिंतीवर लाल खडूनं लिहून दिलं. त्याच दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं काही ठोकळे ओतले, दहा भाग राखेचे, वीस भागांचे आणि तीस भागांचे. ते तिथल्या पाण्याच्या टाकीत सोडले. नव्वद दिवसांसाठी.

आता मी जे केलं ते लिहितो. मला अठ्ठावीस दिवसांत ‘जवळपास’ नको होतं. ‘जवळपास’ म्हणजे काय हे साहेब लोक ठरवतात, आणि ते कसं ठरवतात हे मी आयुष्यभर पाहिलंय. म्हणून सर गेल्यावर मी प्रत्येक मिक्सरला एक घमेलं सिमेंट जास्त टाकलं. आमच्या धंद्यात हे पाप नाही. चाचणीचा माल जरा जड करतातच. पुढं एकदा काम सुरू झालं, सहा महिन्यांनी ब्लॉक पक्के झाले, की जास्तीचं घमेलं कुणाच्या लक्षात राहतं? मी सरांसाठी केलं. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत अभियंता होता, मी होतो, सर होते, दारात साहेबही येऊन उभे राहिले होते. सरांनी पहिला ब्लॉक मशीनखाली ठेवला. काटा चढत गेला. तीस ओलांडला, पस्तीस ओलांडला. एकोणचाळीसला ब्लॉक फुटला. अभियंत्यानं सरांचा हात हातात घेतला. साहेब चक्क आत आले, धुळीत. म्हणाले, “भिंगारदिवे, आपण यावर दुसरा निबंध करू.”

सरांनी फुटलेला तुकडा उचलला आणि दाराशी उजेडात नेला. मी त्यांना तसं करताना शंभर वेळा पाहिलं होतं. राखेचा माल आतून काळसर असतो. हा नेहमीपेक्षा उजळ होता. माझ्या डोळ्यांना तो फरक कधीच दिसला नसता.

“खर्डेकर,” ते आत येऊन म्हणाले, “एका मिक्सरला सिमेंट किती घमेली?”

“भिंतीवर लिहिलीत तेवढी.”

“नक्की?”

“सर, खोटं बोलतोय का मी?”

त्यांनी माझ्याकडं फार वेळ पाहिलं नाही. अभियंत्याकडं वळले. “साहेब, हा निकाल धरू नका.”

“अहो, पास झालाय!”

“झालाय. पण अठ्ठावीस दिवसांत हे एवढं होत नाही. मी बारा वर्षं बघतोय. झालं असेल, तर ते माझं मिश्रण नाही.”

साहेब हसले आणि निघून गेले. अभियंता मात्र गोरामोरा झाला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “मग टाकीतले तुमचे ठोकळे नव्वद दिवसांना फोडा, मला बोलवा. तोपर्यंत माझी बदली झाली नाही तर बघू.”

बाहेर लिंबाखाली मी सरांना गाठलं. आवाज इतका चढला होता की पोरं वर्गातून बघत होती. “लोक नापासाचं पास करून घेतात. तुमी पासाचं नापास करून घेतलं! काय मिळवलं? एक घमेलं, एक! तुमच्यासाठी टाकलं मी!”

तेव्हा मला कळलं त्यांना कशाचा राग येतो. “माझ्यासाठी? मग माझं काय राहिलं त्याच्यात? उद्या शाळेतल्या फरश्या टिकल्या असत्या, तर लोक म्हणाले असते राख चालते. मग दुसऱ्यानं तुमचं ते घमेलं न घालता केल्या असत्या. त्या फुटल्या असत्या. मग राख कायमची मेली असती. मारणाऱ्यात तुमी, आणि सही माझी.”

“आता काय जिवंत राहिली ती?”

त्यांनी स्कूटरला किक मारली. ती लागली नाही. चार वेळा मारली. मी मदत केली नाही.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. माझा स्वभाव तसा आहे. माल तपासायला मी दुसरीकडं टाकायला लागलो. भिंतीवरचं त्यांचं लाल अक्षर चुन्यानं पुसून घेतलं.

दीडेक महिन्यानं एका सकाळी त्यांचा फोन आला. मी नाव वाचलं आणि मोबाईल पालथा घातला. थोड्या वेळानं पुन्हा आला. दुपारी जेवताना तिसऱ्यांदा. बायको म्हणाली, “घ्या की, म्हातारा माणूस हाय.” मी म्हणालो, “झुरू दे जरा.” मला वाटलं, माफी मागायला करतोय. भाव करणाऱ्या माणसाला समोरच्याचा तिसरा फोन आला की बरं वाटतं. चौथ्याला उचलायचं मी ठरवलं होतं. चौथा आला नाही.

त्यांना टेम्पो हवा होता. कॉलेजात तपासणीची समिती यायची होती. प्रयोगशाळेला रंग लावायचा, टाकी रिकामी करून घासायची, असा हुकूम निघाला होता. सरांनी साहेबांना ठोकळ्यांचे पंधरा-सोळाच दिवस राहिल्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, समिती काय थांबणार आहे का तुमच्या ठोकळ्यांसाठी? माझ्या यार्डात पाण्याच्या दोन टाक्या आहेत. ठोकळे ओल्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोनं आणले असते, तर तासाभराचं काम होतं. सरांनी स्कूटरवर नेता येतील तेवढे न्यायचा विचार केला, पण त्या दिवशी त्यांना खोकल्याची उबळ आली आणि वहिनींनी दवाखान्यात नेलं. ते दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले तेव्हा टाकी कोरडी होती, आतून निळा रंग दिलेला. ठोकळे राडारोड्याबरोबर नव्या पार्किंगच्या भरावात गेले होते, आणि त्यावर काँक्रीट पडलं होतं. साधं, भरपूर सिमेंटाचं काँक्रीट. अठ्ठावीस दिवसांना ते नक्की पास झालं असणार.

हे सगळं मला पुढं एकदा भिंगारच्या बाजारात गाठ पडली तेव्हा वहिनींनी सांगितलं. सरांनी कधीच नाही. फोन का केला होता, हेसुद्धा नाही.

अभियंत्याची बदली झाली. सर निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ. दुसरे ठोकळे ओतायला त्यांच्याकडं प्रयोगशाळा राहिली नव्हती, आणि वस्त्रगाळ करायला दम राहिला नव्हता. बारा वर्षं राखेत आणि सिमेंटात तोंड घालून बसलेला माणूस. डॉक्टर म्हणाले छातीत धूळ आहे. कारखान्याची राख आहे तशीच पडते आहे, आता तर वीजही करतात, म्हणजे आणखी जळतं, आणखी पडते. मी पूर्ण सिमेंटाचे ब्लॉक करतो. राखेचं नाव काढलं तर टेंडरवाले विचारतात, मागं तुमच्याच मालाचा काहीतरी घोळ झाला होता ना?

निवृत्तीनंतर वर्षानं कामासाठी मला त्या कॉलेजात जावं लागलं. फाटकाशी वॉचमनच्या केबिनचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली काहीतरी लावलेलं होतं. सहा इंची ठोकळा. मी वाकून पाहिला. काळसर. एका बाजूला लाल पुसट काहीतरी, अक्षर म्हणता येणार नाही. वॉचमन म्हणाला, “राड्यातून घेतला होता, साहेब. लई जड हाय, बरा बसतो.” मी त्याला एक चांगला ब्लॉक आणून दिला आणि हा गाडीत घातला. तो भाव मला जमला.

भिंगारच्या त्यांच्या घरी मी दोन वर्षांनी पायरी चढत होतो. सर बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉटवर उशांना टेकून बसले होते. खूप उतरले होते. मी आत आलो तर जणू काल भेटलो असं म्हणाले, “या खर्डेकर. वहिनी, चहा टाका.” ते स्वतःच्या बायकोला माझ्यासमोर वहिनी म्हणायचे, माझ्याकडून उचललेलं.

मी ठोकळा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो चारी बाजूंनी फिरवला. चष्मा वर करून, डोळ्याजवळ नेऊन पाहिला. मधलं बोट वाकवून टकटक केलं.

“आवाज बरा आहे,” ते म्हणाले.

“सर, तुमच्या टाकीतलाच आहे. वॉचमननं दाराला लावला होता. मी फोडून आणतो. माझ्या ओळखीच्या लॅबमधून. आकडा येतो का नाही बघा. तो अभियंता कुठं आहे ते मी काढतो शोधून.”

“कुठला आहे हा?”

“कुठला म्हणजे?”

“दहाचा, विसाचा, का तिसाचा? तिन्ही होते टाकीत. पोरांचेही होते दोनचार.” त्यांनी पुसट लाल जागेवर अंगठा फिरवला. “गेलंय सगळं.”

“विसाचा धरा.”

“कशावरून?”

“बरं, दहाचा धरा. कमीत कमी धरा. त्यात तर नुकसान नाही कुणाचं.”

“अंदाजानं लिहायचं नसतं, खर्डेकर.” त्यांना खोकला आला, बराच वेळ चालला. वहिनी पाणी घेऊन आल्या, पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. उबळ थांबल्यावर ते म्हणाले, “फोडलात तर आकडा येईल. चांगलासुद्धा येईल. पण तो कुणाचा आकडा, ते कोण सांगणार?”

मला पुन्हा तोच जुना राग आला. लिंबाखालचा. इतकं सगळं गेल्यावरही हा माणूस एक खडूची रेघ मारायला तयार नव्हता. आणि त्याच वेळी माझ्या तोंडाशी ते तीन फोन आले होते. माफी मागायला गेलो होतो आणि भाव करून उठलो.

“घेऊन जाऊ का मग हा?” मी विचारलं.

“राहू द्या. त्या दारालाच लावा. आमचंही आपटतं.”

मी ठोकळा उंबऱ्याशी दाराला लावला, चपला घातल्या, गाडीत जाऊन बसलो. गल्ली अरुंद, गाडी मागं घ्यावी लागते. म्हणून मान वळवली तेव्हा ते दिसले. कॉटवरून उठून भिंत धरत धरत दाराशी आले होते. वहिनी आतून काहीतरी ओरडत होत्या. ते सावकाश उकिडवे बसले, ठोकळ्यावर टकटक केलं आणि कान खाली नेला. मग खिशातून लाल खडू काढला. पुसट जागेवर तो टेकवला, तसाच थोडा वेळ धरून ठेवला, आणि परत खिशात घातला.